नावांसाठी सोडलेली जागा

हिराआत्या गेल्याची बातमी घेऊन माझा चुलतभाऊ शंकरदादा गावाहून मिळेल त्या एसटीनं आला, तेव्हा मी रामवाडीच्या घरी शाळेत शिकवायला जायच्या घाईत होते. दारात चपला काढून तो तसाच उभा राहिला. "आत्या गेली गो. सकाली चा पिताना." मी विचारलं, काही बोलली का शेवटी? तो म्हणाला, "बोलली ना. चात साखर कमी हाय बोलली." आम्ही दोघं हसलो, आणि मग मात्र खाली बसलो... याला आता महिना होत आला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहिलेली बाई, पण खाडीपट्टीतल्या गावांत तिची ओळख धवलारीण म्हणून. आमच्याकडे भटजी अक्षता टाकायला सांगतात, त्याआधी धवलारीण धवला गाते. गावदेवी, दोन्ही कुळांतली गेलेली माणसं, मग नवरी आणि नवरा, अशी सगळ्यांची नावं त्यात घ्यायची असतात. तोवर लग्न लागलं असं आमच्या बायका मानत नाहीत. आत्याला आपल्या आवाजाचा गर्व होता आणि तो ती लपवायची नाही. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. याचा मलाही गर्व आहे. निकालाच्या दिवसापासून ती मला "बीए" अशीच हाक मारायची. "काय गो बीए, तुज्या कालेजात माज्यासारखी गाते का कोन?" मी नाही म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

मग तिचा घसा बसला. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही लग्नसराई गाणं पूर्ण बंद. आता आवाज ताणला तर कायमचा जाईल. त्याच वैशाखात निडीला माझ्या मामेबहिणीचं, मंदाचं लग्न होतं. एकाच तिथीवर गावोगावी लग्नं, दुसरी धवलारीण मिळेना. मंदाचा भाऊ दिलीप रोह्याला कंपनीत होता. पगारातून घेतलेला दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर हा त्याचा जीव. आदल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या, सुरेखाच्या लग्नात त्यानं मांडवाच्या खांबाला माईक बांधून आत्याचा धवला भरून घेतला होता. तो आत्याला म्हणाला, "तू नुसती बस. गाशील तूच, पन तोंड उघडायचं नाय." आत्याला गंमत वाटली. नवं लुगडं नेसून ती निडीला आली.

मांडव भरला. दिलीपनं बटण दाबलं आणि माडावर बांधलेल्या भोंग्यातून आत्याचा आवाज आला. आत्या समोर पाटावर, तोंड मिटून! बायका एकदा वर माडाकडे बघत होत्या, एकदा तिच्याकडे. एका म्हातारीनं तर तिच्या गळ्याला बोटं लावून पाहिली. आत्या माझ्याकडे वळून पुटपुटली, "कोन गो ही? बरी गाते." मी रेडिओ ऐकत वाढले, आधी भरून ठेवलेलं मग ऐकवतात हे मला ठाऊक होतं. तरी अंगावर काटा आला.

या नवलात गावदेवी आणि पितरांची नावं कुणी नीट ऐकलीच नाहीत. आणि मग भोंग्यातून नवरीचं नाव आलं, सुरेखा. पाठोपाठ नवऱ्याचं, यशवंत.

हे कुणाच्याच, अगदी आत्याच्याही, ध्यानात आलं नव्हतं. मुंडावळ्यांखाली मंदा रडायला लागली. नवऱ्याची आजी उठून उभी राहिली. "आमचा पोरगा कोनाच्या नवऱ्याच्या नावानं लग्नाला उभा केलाव?" दिलीपनं टेप बंद केला. वऱ्हाडी चपला शोधू लागले. भटजी म्हणाले, मुहूर्त टळतोय. मंदाचं लग्न मोडतंय हे सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळे आत्याकडे बघत होते.

वडील म्हणाले, "आक्का, नको. डॉक्टर काय बोललाय?"

"डॉक्टरच्या पोरीचं लगीन नाय ह्ये."

पण अख्खा धवला आपल्या घशाला पेलणार नाही, हे तिला कळत होतं. ती उठली आणि दिलीपजवळ जाऊन उभी राहिली. "मागं फिरव. माजा हात वर झाला का तिचं तोंड बंद कर. खाली आला का सोड तिला." तिचं म्हणजे टेपमधल्या बाईचं.

टेप पुन्हा पहिल्यापासून लागला. नावाची जागा आली की आत्याचा हात वर, टेप फिरतच, पण दिलीप आवाज पार खाली करायचा, आणि तेवढ्या शांततेत ती मंदाच्या कुळाचं, नवऱ्याच्या कुळाचं एकेक नाव घ्यायची. आवाज खरखरीत, मध्येच तुटणारा. हात खाली आला की तिचाच आदल्या वर्षीचा धडधाकट आवाज पुढची ओळ उचलायचा. एकाही नावाला सूर सुटला नाही. मी नंतर मोठी नाटकं पाहिली, मुंबईला जाऊन गाण्याचे कार्यक्रम ऐकले, पण एका बाईला स्वतःच्याच गेलेल्या आवाजाबरोबर असं गाताना परत पाहिलं नाही. नवऱ्याची आजी केव्हा खाली बसली ते कळलंसुद्धा नाही.

डॉक्टरांचं खरं ठरलं. आत्याचा गाता गळा त्या दिवशी गेला तो गेलाच, बोलण्यापुरता घोगरा आवाज उरला. तिनं त्यावर रडगाणं गायलं नाही. दिवाळीनंतर ती रोह्याला दिलीपच्या खोलीवर गेली, म्हणाली, सुरेखाच्या टेपातली नावं काढून टाक, तिथं कोरी जागा ठेव. दिलीप तिथली फीत पुसायला निघाला. तिनं अडवलं. "नुसती पुसू नको. तेवडा वेल मी माईकपुढं बसते." म्हणून त्या कॅसेटवर प्रत्येक नावाच्या जागी तिच्या बांगड्यांची किणकिण आणि श्वास आहे. पुढची पाच-सहा वर्षं ती हीच कॅसेट घेऊन मांडवा-मांडवात गेली आणि रिकाम्या जागी आपल्या घोगऱ्या आवाजात नावं घेत राहिली.

गेल्या आठवड्यात गावात शेजारच्या घरी लग्न होतं. कॅसेट लावायची का, यावर कुजबुज झाली. मेलेल्या बाईचा आवाज शुभकार्यात कसा चालेल? नवरीची आजी म्हणाली, "मंग पितरांची नावं कनाला घेतंव? ती काय जिती हायत?"

कॅसेट लागली. गावदेवीची जागा आली. बांगड्या वाजल्या, श्वास ऐकू आला... कुणी बोललं नाही, आणि ती जागा तशीच गेली. नवरीची आई माझ्याकडे बघत होती. मला गाता येत नाही. पुढची जागा आली तेव्हा मी, वर्गात हजेरी घेते तशी, सरळ नावं घेतली. नवरीच्या पणजोबांचं, आजोबांचं. तिसऱ्या नावाला माझ्या मागून चार बायका बोलल्या, मग सगळा मांडव.

भोंग्यात आत्यानं श्वास घेतला आणि पुढची ओळ उचलली.