अमेरिकेत बघण्यासारखं

अमेरिकेत काय बघावं हे मला विचारा. मी अमेरिका पाहिलेली नाही, पण दुबईच्या करामा भागात एका ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरमागे बसून मी इतक्या लोकांना तिकडे धाडलंय, की न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मला डोळे बांधून सोडलं तरी मी हॉटेल शोधून काढीन. नायगारा कुठल्या बाजूने चांगला दिसतो, स्वातंत्र्यदेवीच्या बोटीचं तिकीट आधी काढावं की नाही, ग्रँड कॅन्यनला कुठल्या महिन्यात जाऊ नये, सगळं तोंडपाठ. लंकेत सोन्याच्या विटा असतील, पण त्या कुठल्या ओळीत रचल्या आहेत हेसुद्धा मला ठाऊक होतं.

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याला काय हवंय ते मी तोंड बघून सांगायची. इथल्या अरबी कुटुंबांना ओर्लँडो हवं असतं, मुलांसाठी, आणि मग लॉस एंजलिस, खरेदीसाठी. मल्याळी नर्सबाईंना नायगारा. गुजराती मंडळींना लास व्हेगास, पण कांदा-लसूण नसलेल्या जेवणासकट. आपला मराठी माणूस मात्र आधी चौकशी करतो, की गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळातले अमुक-अमुक गेले होते ते कुठं कुठं फिरले. ते ऐकून घेतो आणि त्यात एक ठिकाण वाढवून मागतो. सॅन फ्रान्सिस्कोचा तो लाल पूल मी निम्म्या मंडळाला असाच विकलाय. जे खरोखर बघायचंय ते कुणीच मागत नाही, शेजाऱ्याने बघितलेलं मागतात.

मला स्वतःला त्या अख्ख्या देशात एकच जागा बघायची होती. ओहायोमधलं एक लहानसं गाव. माझ्या कुठल्याही पॅकेजमध्ये ते बसत नाही. तिथं धबधबा नाही, पुतळा नाही, डोंगर नाही. तिथं माझी लेक राहते.

ही लेक दुबईत जन्मली, इथंच शाळेत गेली. आम्ही मराठीत बोलायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची, जेवायला काय हवं इथपासून ते लग्न कुणाशी करायचंय इथपर्यंत. शिकायला अमेरिकेत गेली, तिकडेच नाशिकचा एक मुलगा भेटला, लग्न झालं, दोघं ओहायोत स्थिरावली. मग एक दिवस तिचा फोन आला, की बाळ होणार आहे. बोलता बोलता ती रडायला लागली आणि चक्क मराठीत म्हणाली, "मम्मा, तू ये ना. तू आणि बाबा, दोघं या."

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. आमच्या पोरीचं माहेर म्हणजे डिस्कव्हरी गार्डन्समधला भाड्याचा फ्लॅट, आणि तोही नवऱ्याच्या नोकरीचा व्हिसा आहे तोवर. पण ती येऊ शकत नसेल तर माहेराने तिच्याकडे जावं, यात मला काही वावगं वाटलं नाही. मी त्याच आठवड्यात व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घेतली. एरवी लोकांसाठी घेते, तेव्हा स्वतःसाठी घेतली.

आता नवऱ्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्या एका शब्दावर अडलं. तो साइटवर सुपरवायझर आहे. साताऱ्याकडून ऐन तारुण्यात इकडे आला तेव्हा पहिल्याच कंपनीत अरबी साहेबाने त्याला विचारलं होतं, की स्लॅबचं काम उद्या होईल ना. हा ऐटीत म्हणाला, येस सर. साहेबाने सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली. उद्याचं 'येस' म्हणणारा तू कोण? 'इन्शाल्ला' म्हण, अल्लाची मर्जी असेल तर. त्या दिवसापासून नवऱ्याने उद्याविषयी 'हो' हा शब्द कधी उच्चारलेला नाही. घरी गणपतीची पूजा करून उठतो आणि उद्या नळ दुरुस्त कराल का म्हटलं तर सांगतो, इन्शाल्ला.

इथं राहिलेल्याला या शब्दाची गंमत ठाऊक असते. तो वरून खाली आला तर 'नाही', खालून वर गेला तर 'हो'. साहेबाला विचारा, सुट्टी मिळेल का, साहेब म्हणेल इन्शाल्ला, म्हणजे विसरा. साहेबाने कामगाराला विचारलं, काम होईल का, कामगार म्हणेल इन्शाल्ला, म्हणजे रात्रीचा दिवस करीन पण करीन. माझा नवरा आयुष्यभर खालूनच बोललाय. त्याच्या तोंडी या शब्दाचा दुसरा अर्थच नाही.

मुलाखतीची तयारी मी करून घेतली होती. बिल्डिंगमधल्या शहाण्यांनी सांगितलं, बाळंतपणाचं नाव काढू नका, फिरायला चाललोय म्हणा. मी ऐकलं नाही. थापा मारून परत आलेली माणसं मी काउंटरवर पुष्कळ पाहिली आहेत. खरं सांगायचं ठरवलं आणि खरंच सांगितलं.

अमेरिकन वकिलातीत खिडकीपलीकडे एक तरुण बाई होत्या. चांगल्या बोलल्या, उगाच वाईट कशाला सांगू. कशासाठी जाताय, मुलगी काय करते, जावई काय करतो. मी नीट उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं, की बाळ सोडून अमेरिकेत आणखी काय बघायची इच्छा आहे. इच्छा कसली आलीय! पण जीभ कामाला लागली. ओहायोतून नायगारा गाडीने किती जवळ, शिकागो कसं, वॉशिंग्टनला कुठली संग्रहालयं फुकट आहेत. बाई हसल्या आणि म्हणाल्या, की तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. मला वाटलं, झालं काम.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. तीन महिन्यांनी तुम्ही दोघं परत दुबईला याल ना, एवढंच विचारलं.

नवऱ्याने छातीवर हात ठेवला आणि अदबीने म्हणाला, "इन्शाल्ला, मॅडम."

बाईंची बोटं कीबोर्डवर थांबली. त्यांनी तो शब्द दुबईत कुणाकडून ऐकला असेल देव जाणे. बहुतेक घरमालकाकडून. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, मीपण इथंच राहते. येस ऑर नो?"

मी त्याचा पाय दाबला. त्याला वाटलं, आणखी जोर देऊन सांग म्हणतेय. "हंड्रेड पर्सेंट इन्शाल्ला," तो म्हणाला.

पासपोर्ट परत आले, सोबत व्हिसा नाकारल्याचा छापील कागद. असे कागद मी गिऱ्हाइकांना वाचून दाखवलेत, सगळ्यांना तोच मजकूर असतो. तुम्ही परत याल इतके तुमचे पाश मजबूत दिसत नाहीत, असा त्याचा मथितार्थ. आता पाश दाखवायचे कुठले? इथलं घर दुसऱ्याचं. व्हिसा कंपनीचा, आणि नवरा निवृत्तीला आलेला. साताऱ्यातला फ्लॅट कुलूप लावून ठेवलेला. उभं आयुष्य या वाळूत घातलं आणि अमेरिकेने विचारलं, की तुम्ही नक्की कुठले, तर आमच्याकडे सांगायला काही नव्हतं. हे मला कळतं. पण त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं, की माझं ठीक चाललं होतं आणि याने तोंड उघडलं.

घरी परतताना शेख झायद रोडवर मी त्याला नाही नाही ते बोलले. एक साधं 'येस' जिभेवर येत नाही? पोरीसाठीसुद्धा नाही? तो गाडी चालवत राहिला. शेवटी म्हणाला, "मी होच म्हणालो होतो." ते खरं होतं म्हणूनच माझं डोकं आणखी फिरलं.

ही गोष्ट बिल्डिंगभर झाली. मंडळाच्या माघी गणपतीत आरतीनंतर लोक त्याला विचारायचे, काय हो, प्रसाद घेणार का, आणि सगळे मिळून ओरडायचे, इन्शाल्ला! काही दिवसांनी तो स्वतःच ती रंगवून सांगायला लागला, छातीवर हात ठेवून वगैरे. लोक पोट धरून हसायचे. मी ताटं गोळा करायची. त्या हसण्यात माझी पोर एकटी कळा देणार आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

पोरीला मी फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "इट्स ओके, मम्मा. डोन्ट वरी. आई इज कमिंग."

मला वेडीला एक पळभर वाटलं, की ती मलाच म्हणतेय. मग उमगलं. मी मम्मा. आई म्हणजे तिच्या सासूबाई.

पुढच्याच आठवड्यात विहीणबाईंचा नाशिकहून फोन आला. मोकळ्या मनाची बाई. फार वाईट वाटलं म्हणाल्या, खरं तर मान तुमचाच होता म्हणाल्या. आणि मग, तुम्ही यातल्या जाणकार, तेव्हा तुम्हीच सांगा, तीन महिन्यांत अमेरिकेत बघण्यासारखं काय काय आहे?

मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, सगळं आखून दिलं. नायगारा कधी, शिकागो कधी, बाळ किती दिवसांचं झाल्यावर गाडीत घालावं, वाटेत कुठं थांबावं. विमानाचं तिकीट मीच काढलं, मुंबईहून दुबईमार्गे, मध्ये अर्ध्या दिवसाचा मुक्काम पडेल असं. आंधळं दळतं म्हणतात, पण मी तर डोळे उघडे ठेवून दळत होते. मला त्यांना भेटायचं होतं. पोरीला हात लावणाऱ्या त्या हातांना एकदा आपला हात लागावा, एवढंच.

त्या दुबईला उतरल्या आणि सहज बाहेर आल्या. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असेल तर दुबईचा व्हिसा विमानतळावरच मिळतो. म्हणजे अमेरिकेने त्यांना स्वतःच्या घरात घेतलं ते घेतलं, वर माझ्याही घरात सोडलं. आम्ही त्यांना गाडीतून डिस्कव्हरी गार्डन्सला आणलं. मी पुरणपोळी केली होती. त्यांनी आग्रहाला मान देऊन दोन खाल्ल्या, घराचं कौतुक केलं, भिंतीवरचा पोरीचा शाळेतला फोटो जवळ जाऊन पाहिला.

हात धुवून सोफ्यावर बसल्यावर मी सहज म्हटलं, की तुम्हाला व्हिसा पटकन मिळाला हे बरं झालं, नाहीतर ऐन वेळी पोरीचे हाल झाले असते.

"ऐन वेळी कुठलं?" त्या म्हणाल्या. "माझा व्हिसा दिवाळीच्या आधीच झाला. डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी सूनबाईचा फोन आला. म्हणाली, आई, तुम्ही काढून ठेवा. मम्मा-बाबांच्या व्हिसाचं काही होईल असं वाटत नाही."

दिवाळीच्या आधी. आमची मुलाखत दिवाळीनंतर कितीतरी आठवड्यांनी झाली. पोरीने मला मराठीत 'ये ना' म्हटलं तेही त्यानंतर.

नवरा खुर्चीत बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्याच्याकडे पाहिलं नाही. विहीणबाईंच्या ध्यानात काही आलं नाही, त्या सुपारी कातरत होत्या. मी म्हटलं, फार चांगलं केलंत.

संध्याकाळी त्यांना विमानतळावर सोडलं. आत जाताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, की पोरीला काही निरोप सांगायचाय का. मला पुष्कळ सांगायचं होतं. पाय सुजले तर काय करायचं, पहिली अंघोळ कोण घालणार, रात्री बाळ रडलं तर ती घाबरेल, लहानपणापासून तिला रडण्याचा आवाज सोसत नाही. मी म्हटलं, "नायगाराला चांगला रेनकोट घरून न्या म्हणावं. तिथं देतात तो फाटतो."

परतीच्या वाटेवर नवरा म्हणाला, "म्हणजे मी 'येस' म्हणालो असतो तरी..." मी म्हटलं, समोर बघून चालवा.

पोर खोटं बोलली असं मी म्हणत नाही. रडली होती, ते खरंच असणार. तिला फक्त आमची किंमत आमच्या आधी कळली होती. 'या हं एकदा आमच्याकडे,' असं आपण दारातून निघणाऱ्या पाहुण्याला म्हणतो. मनापासून म्हणतो, पण त्याने खरोखर पिशवी घेऊन दारात उभं राहावं असं काही त्यात नसतं. माझ्या लेकीने मला तसं बोलावलं होतं, आणि मी बॅग भरायला घेतली.