दिवे लागायच्या आत

दोन हजार सालच्या आगेमागे मुंबईतल्या बारवाल्यांनी दारांवर पाट्या लावायला सुरुवात केली. हॅपी अवर्स, पाच ते सात, एकावर एक फ्री. मी तेव्हा परळच्या एका हापिसात कारकून होतो. ती पाटी पहिल्यांदा वाचली आणि मला वाटलं, आमच्या बाबांचं वेळापत्रक यांना कळवलं कोणी?

आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडे, रस्ता सोडून आत अर्धा तास चालत. बाबा भातशेतीवाले. पाच वाजता बैल बांधून झाले की शेजारचे काका कुंपणापाशी येऊन दोनदा खाकरायचे. हाक कधी मारायचे नाहीत, कारण हाक मारली तर आईला कळेल असा दोघांचा समज होता. आईला ते पंचवीस वर्षं कळत होतं. मग दोघं ओटीवर बसायचे. मध्ये एक क्वार्टर, म्हसाच्या जत्रेत घेतलेले जाड बुडाचे दोन ग्लास आणि काकांनी घरून पुडीत बांधून आणलेले भाजलेले वाल. बाबा दोन्ही ग्लास एकमेकांना चिकटवून ठेवायचे, बाहेरून बोट आडवं धरायचे आणि ओतायचे. "निम्मं निम्मं," असं दोघांपैकी कोणीतरी रोज म्हणायचं, जणू काल वेगळं काही ठरलं होतं.

बाबांचे नियम कडक होते. आधी ग्लासात बोट बुडवून तीन थेंब जमिनीवर उडवायचे : एक गावदेवाला, एक शेताला, एक मेलेल्यांना. जोडीदाराशिवाय ग्लास उचलायचा नाही. आणि आईने देवापुढे दिवा लावायच्या आत सगळं आटपायचं. दिवे लागल्यावर घेतो तो बेवडा, असं बाबांचं मत होतं. दिवे लागायच्या आत घेणाऱ्याला काय म्हणायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

ती पाटी दिसायच्या आदल्या वर्षी, भात झोडून झाल्यावर, एका रविवारी कल्याणहून पाहुणे आमचं घर बघायला आले. त्यांची मुलगी मला आवडली होती. आता त्यांना घर आवडायचं होतं. मी सकाळीच बाबांना सांगून ठेवलं, "आजच्या दिवस बसू नका." बाबा "बरं" म्हणाले. पाच वाजता पाहुणे आत चहा पीत होते आणि कुंपणाशी खाकरण्याचा आवाज आला. दोनदा. मीच बाहेर गेलो आणि काकांना म्हणालो, "बाबा घरी नाहीत. मुरबाडला गेलेत."

बाबांच्या चपला पायरीवरच होत्या. काकांनी त्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. वालाची पुडी माझ्या हातात दिली, "आल्यावर दे," म्हणाले आणि गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते खळ्यावर बसले असताना कलंडले ते उठलेच नाहीत. लग्न माझं ठरलं.

काका गेले त्या दिवसापासून बाबांनी घेणं सोडलं. जोडीदार नाही तर ग्लास नाही, नियम साधा होता. दोन्ही ग्लास ओटीच्या कोनाड्यात पालथे पडले. आईने गावदेवाला नारळ फोडला. पंचवीस वर्षांत जे नवसाने झालं नाही ते झालं होतं. पण बाबांनी दारूबरोबर बोलणंही सोडलं. भांडण नाही, रुसवा नाही, नुसतं गप्प. विचारलं तर हो, नाय. न विचारलं तर तेवढंही नाही. दोन महिन्यांनी आई मला म्हणाली, "पीत व्हते तवा निदान मीठ कमी हाय म्हनायचे. आता जेवनात मी काय घालते नि काय नाय, काय कळत नाय." नारळ फोडल्याचा तिला थोडा पस्तावा झाला असावा. मी काकांना काय सांगून परत पाठवलं होतं हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, आईला नाही आणि बायकोलाही नाही.

गावात बाबांना बसवू पाहणारे पुष्कळ होते. बाबा कोणाकडे गेले नाहीत. मी मुलगा, बापासमोर ग्लास धरायची आमच्याकडे रीत नाही. पण मुंबईत कोण बघतंय, असं मला त्या पाटीमुळे सुचलं. वेळ तीच, आणि एकाचे दोन येतात. माझ्या हिशेबात त्यात जोडीदारसुद्धा आला. बाबांना एकदा बसवायचं, म्हणजे ते बोलतील. बोलले म्हणजे माझं काहीतरी फिटेल. मी बाबांच्या डोळ्यांचं निमित्त काढलं. घरी सांगितलं, मुंबईत डोळे चांगले तपासतात.

पहिल्यांदा डोळे खरोखर तपासले. मग मी त्यांना दादरच्या एका बारमध्ये घेऊन गेलो. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, बाहेर रखरखीत ऊन. आत अंधार, आणि त्या अंधारात भिंतीभर लाल दिवे. बाबा दारातच थांबले.

"दिवे लागलेत," म्हणाले.

मी म्हणालो, "बाबा, बाहेर ऊन आहे. हे दिवे नुसते असेच आहेत."

"लागलेत नं?"

लागलेच होते. आम्ही समोर उसाचा रस प्यायलो आणि गाडी धरली.

त्यानंतर महिनाभर मी हापिस सुटलं की दिवसाउजेडी दिवे न लावणारा बार शोधत फिरत होतो. हे वाटतं तितकं सोपं नाही. परळ, दादर, घाटकोपर, ठाणे, सगळीकडे पाच वाजता रात्र केलेली असते. बाहेर पाटी हॅपीची आणि आत सुतक. काही ठिकाणी फ्री मिळणारा दुसरा पेग पहिल्यापेक्षा पांढरट असायचा. काही ठिकाणी गाणी इतक्या मोठ्याने लागलेली असायची की बाबा बोलले असते तरी ऐकू आलं नसतं. मी गल्ल्यावरच्या माणसाला सरळ विचारायचो, "तुमच्याकडे पाच वाजता दिवे लावतात का?" घाटकोपरच्या एकाने मला वीज कंपनीचा माणूस समजून चहा पाजला आणि मीटर परवाच बदललाय म्हणून सांगितलं. हापिसात मात्र माझं नाव झालं. कुठे बसावं हे लोक मला विचारू लागले. मी वर्षातून दोनदा बियर घेणारा माणूस, पण कुठल्या बारला खिडक्या आहेत हे मला तोंडपाठ होतं.

शेवटी ठाण्यात एक गच्चीवरचा सापडला. वर कापडी छत, चारी बाजूंनी उजेड, टेबलांवर पांढरे कपडे. बाबांचे डोळे दुसऱ्यांदा तपासायला काढले. बाबा आले, बसले, इकडेतिकडे बघितलं. दिवा दिसला नाही. मी त्यांच्यासाठी एक मागवला, माझ्यासाठी लिंबू सोडा. वेटरने नियमाप्रमाणे दोन आणले आणि दोन्ही बाबांसमोर ठेवले.

बाबांनी एका ग्लासात बोट बुडवलं आणि तीन थेंब खाली उडवले. वेटर धावत आला. "सॉरी काका, काय पडलं होतं?" म्हणत त्याने तो ग्लास उचलला आणि दुसरा भरून आणला. बाबांनी नव्या ग्लासात परत बोट बुडवलं, कारण या ग्लासातलं देवाला अजून गेलं नव्हतं. वेटर परत धावला. या वेळी मॅनेजरही आला, छताकडे बघत. आणखी एक ग्लास आला.

बाबा मला हळूच म्हणाले, "हितं देवाचा येगळा देतात वाटतं." काका गेल्यापासूनचं हे त्यांचं सर्वांत लांब वाक्य होतं. माझ्या जिवात जीव आला. पण मग त्यांनी समोरच्या दोन ग्लासांकडे पाहिलं, एक उचलून रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला आणि हात मांडीवर ठेवून बसले. पंधरा मिनिटं. मी म्हणालो, "बाबा, दोन्ही तुमचेच आहेत. फ्री आहे एक." ते म्हणाले, "एकट्यानं नाय." शेंगदाणे तेवढे संपवले. ग्लास दोन्ही भरलेले राहिले आणि आम्ही सातच्या आत खाली उतरलो.

तिसऱ्या खेपेला मी हापिसातल्या एका साठीच्या शिपायाला जोडीदार म्हणून नेलं. त्याने बाबांचा ग्लासही पिऊन टाकला आणि आपल्या जावयाबद्दल दीड तास सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. परत येताना एसटीत त्यांना झोप लागली. घरी आईने माझ्याजवळ येऊन वास घेतला आणि म्हणाली, "डोळे तपासून बडीशेप देतात व्हय?"

मी कंटाळलो होतो, खरं म्हणजे हरलो होतो. चौथ्या खेपेला बारचा विचारच नव्हता. डोळ्यांचा चष्मा खरोखरच तयार झाला होता आणि तो आणायचा होता. दुपारीच कल्याणहून माळशेजकडची एसटी धरली. बाबा नवा चष्मा लावून खिडकीशी बसले आणि रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचत राहिले, ओठ न हलवता. आमच्या थांब्याच्या एक थांबा आधी ते अचानक उठले आणि कंडक्टरला म्हणाले, "हितंच उतरायचं हाय."

रस्त्याकडेला एक ढाबा होता. आम्ही वर्षानुवर्षं त्याच्यासमोरून गेलो होतो. मालकाने शहरात बघून आल्यावर रंगाने पाटी लिहिली होती : हॅपी आवर, दिवसभर. फुकट काहीच नव्हतं. मागे आंब्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, खाली शेणाने सारवलेली जमीन. दिवा एकही नाही. साडेपाच वाजत होते.

मी ऑर्डर द्यायला निघालो तर बाबांनीच हाक मारली, "एक क्वार्टर. ग्लास दोन." मग मला म्हणाले, "बस."

मी बसलो.

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "ते वाल काय केलेस?"

मला कुठले वाल हे विचारायची गरज पडली नाही. त्या संध्याकाळी मी ती पुडी कणगीमागे लपवली होती. दहा दिवसांनी बाहेर काढली तेव्हा हातात धरवेना. मी म्हणालो, "कोंबड्यांना घातले."

"भाजलेले?"

"हो."

"खाल्ले?"

"खाल्ले."

बाबांनी मान हलवली. "मी आतच व्हतो," म्हणाले. "त्यो खाकरला तवा उठलो पन. मंग तुजा आवाज आला. म्हटलं, पोराचं काम व्हतंय, उद्या बसू. दुसऱ्या दिशी पाचला मी कुपाशी जाऊन उबा रायलो. त्यो अंगनात दोर वळत बसलेला. पन खाकरायची सवय त्याची. मला काय जमलं नाय. उबा रायलो नि परत आलो."

काका गेल्यापासून बाबा इतकं सलग बोलले नव्हते.

मी म्हणालो, "बाबा, खोटं मी बोललो."

"तू बोललास. मी गप रायलो." त्यांनी दोन्ही ग्लास चिकटवून ठेवले, बाहेरून बोट आडवं धरलं आणि ओतलं. डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, एका ग्लासातलं थोडं दुसऱ्यात घातलं, परत पाहिलं. "निम्मं निम्मं," म्हणाले आणि एक ग्लास माझ्याकडे सरकवला.

वर्षभर जे एकट्याने उचलून फिरत होतो त्यातलं अर्धं बाबांकडेच होतं आणि ते मला कळलंही नव्हतं. मला रडू आलं, मी रडलो. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. तीन थेंब जमिनीवर उडवले. तिसरा उडवताना बोट जरा वेळ ग्लासातच राहिलं. मग म्हणाले, "घे लवकर. दिवे लागतील."

मी घेतली. ती दारू फार वाईट होती आणि आजवर तसं दुसऱ्या कुठल्या ठिकाणी मला बसायला मिळालेलं नाही. हापिसात लोक पुढेही मला विचारत राहिले, मी त्यांना ठाण्याची गच्ची सांगायचो.

आम्ही पायवाटेने घरी पोचलो तेव्हा आई देवापुढे काडी ओढत होती. बाबांनी चूळ भरली. आईने वास घेतला, आधी त्यांचा, मग माझा, आणि पानं वाढायला घेतली. जेवायला बसलो. बाबांनी आमटीचा भुरका मारला, थांबले, अजून एक मारला.

"मीठ कमी हाय," म्हणाले.

आई मीठ आणायला आत गेली. बरणी तिच्या शेजारीच होती.