गोल्डफिशच्या अंगातला दोरा

शीवहिनी हे नाव तिला सासरी पडलं. दुधावरची साय असो की कुणाची शिंक, बाईच्या तोंडून आधी ‘शी!’ निघायचं. ती घरीच कपडे शिवायची. येणाऱ्या बायकांना दारातच बजावायची, “मापाचा कपडा धुऊन आणा हं!”

आणि नेमका तिच्या मशीनसमोरच सासऱ्यांचा टँक! सासऱ्यांनी जन्मभर शोभेच्या माशांचं दुकान चालवलं. मग अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, दुकान गेलं. उरला तळहाताएवढा एक म्हातारा गोल्डफिश. सासरे बोलायचे ते त्याच्याशीच. जेवताना त्यांच्या ओठातून लाळ गळायची. सुनेला किळस येते हे ठाऊक असल्यामुळे ते ताट घेऊन टँककडे तोंड करून बसायचे.

एका सकाळी त्यांनी तिला खुणेनं बोलावलं. माशाच्या कुशीतून पांढरट दोरे लोंबत होते.

“किडे आहेत,” ते अडखळत म्हणाले. “तोंडं मांसात रुतलीत. चिमट्यानं काढ, नाहीतर मरेल हा. माझा हात चालत नाही गं.”

“शी! मी नाही बाई. यांना सांगा.”

नवरा कामावर निघाला होता. “फेकून द्या, दुसरा आणू,” म्हणून तो मोकळा झाला. म्हाताऱ्याचा चेहरा एवढासा झाला. तो बघून शीवहिनी चडफडतच उठली. “माझ्याच नशिबी यायचं होतं हे!”

ओल्या फडक्यात मासा धरला. ई! तो बुळबुळीत, गार, जिवंत गोळा फडक्यात वळवळला आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. श्वास रोखून तिनं चिमट्यात एक दोरा पकडला आणि शिवणीतला कच्चा दोरा ओढावा तसा झटक्यात ओढला. हाताची सवय, दुसरं काय! दोरा मधेच तुटला.

“ओढतेस काय अगं! तोंड आतच राहिलं. बुडाशी धर, हळू काढ.”

दुसरा तिनं बुडाशी धरून काढला. रुतलेलं तोंड सगळंच्या सगळं बाहेर आलं, त्याला मांसाचा कण चिकटलेला. तिसराही निघाला. जखमांना आयोडीन लावलं, मासा पाण्यात सोडला आणि ती मोरीकडे धावली. सकाळचा चहा सगळा बाहेर पडला.

पाण्यात किड्यांची पिल्लं असणार, म्हणून सासऱ्यांनी टँकमध्ये औषध घालायला लावलं. बाकीच्या जखमा भरल्या. तुटलेल्या दोऱ्याची मात्र फुगली, पिकली. आता रोज मासा काढा, पू पुसा, आयोडीन लावा! वास असा की जेवण नको वाटे. शिव्या देत, नाक मुरडत ती करत राहिली, कारण चूक तिच्या हातची होती, आणि मासा गेला तर म्हातारा बोलायचाच थांबेल हे तिला दिसत होतं.

शेवटी एकदाची जखमेवर कोवळी कातडी आली. “वाचलं मेलं!” म्हणत तिनं मासा सोडला. सासरे खुदकन हसले. हसताना हनुवटीवर लाळ ओघळली, तसं त्यांनी घाईघाईनं तोंड फिरवलं.

“इकडे बघा, पुसते.”

“नको. किळस येईल तुला.”

“येईलच की! त्या मेल्याचा पू पुसताना काय गोड वाटत होतं मला?”

तिनं हात धुतले, टॉवेल घेतला. सासऱ्यांनी हळूहळू तोंड तिच्याकडे वळवलं. डोळेही भरले होते. तेही तिनं पुसले.