पहिल्या नोरत्याचा आवाज

घटस्थापनेची संध्याकाळ, म्हणजे आमच्या बडोद्याच्या बोलीत पहिलं नोरतं. सोसायटीच्या चौकात गरब्याची तयारी चालली होती आणि मी, वयाला अजिबात न शोभेल अशी, टेबलाखाली शिरून वायरी चाचपत होते. वर माझी सून माइकसमोर उभी राहून "हॅलो, हॅलो" करत होती. स्पीकरमधून येत होतं ते मात्र शेजारच्या घरात कुणी उशीत तोंड खुपसून बोलावं तसं.

सून डभोईची, गुजराती. मराठी लग्नानंतर शिकली. माझ्याशी वाद घालण्यापुरती तर फर्मास. कणीक मळताना ती गरबे गाते. ते ऐकून ऐकून शेवटी मीच कमिटीत जाऊन सांगितलं, की यंदा पेनड्राइव्हवरचे गरबे नकोत, आमची सून गाईल. कमिटी हो म्हणाली. पण सेक्रेटरीभाईंनी अट घातली: पहिल्या दिवशी आरतीपर्यंत आवाज नीट लागला नाही, तर नऊही रात्री पेनड्राइव्ह. माहेरी हिची आई आणि आत्या चौकात गायच्या. हिची पाळी येणार तेवढ्यात लग्न होऊन ही आमच्याकडे आली. अट ऐकल्यापासून ती ताटात नुसती बोटं फिरवत होती.

त्यात मी आणखी एक उद्योग केला. गरबा रंगला की गाणारीचा आवाज चढतो आणि आमचे जुने स्पीकर फाटतात. म्हणून लहरीपुऱ्याच्या बाजूच्या एका दुकानातून मी जुना कॉम्प्रेसर उचलला. आवाज फार चढला की हा त्याला दाबून जागेवर बसवतो, असं दुकानदार म्हणाला. मला ते यंत्र एकदम पटलं. सासूच की ती.

जोडणीही मीच सांगितली. माइक आधी कॉम्प्रेसरमध्ये, कॉम्प्रेसर मिक्सरमध्ये, मिक्सर स्पीकरला. दारात चप्पल, मग ओटी, मग माजघर, असं सरळ. सून म्हणाली, "मम्मी, एकदा विचारून घेऊ कोणालातरी." मी म्हटलं, विचारायचं काय त्यात.

ही माझी खोड जुनी आहे. बाविसाव्या वर्षी सांगलीहून लग्न होऊन आले, तेव्हा संगीताच्या दोन परीक्षा पास होते आणि तिसरीची गरज नाही असं माझं मत होतं. मंडळाच्या हळदीकुंकवात मला गायला बसवलं. माइकवाला माइक पुढे सरकवायला आला, तर त्याला मी सांगितलं की खऱ्या गळ्याला यंत्र लागत नाही. डोळे मिटून अख्खा राग आळवला. डोळे उघडले तर मागच्या रांगेतल्या एक काकू शेजारणीला विचारत होत्या, "सुरू कधी व्हायचंय?" त्यानंतर आठवडाभर ही बया, म्हणजे मीच, सांगत फिरत होती की बडोद्याला गाण्यातलं कळत नाही. बडोद्याला. जिथे एकेक गवई दरबारात नोकरीला होते.

तर तीच बया आता टेबलाखालून बाहेर आली आणि बटणं पिळू लागली. मिक्सरवर आवाज वाढवला, तर सुनेचा आवाज होता तिथेच आणि वर तेलात पुऱ्या सोडल्यासारखी चर्रर्र. कॉम्प्रेसरचं बटण वाढवलं, पुऱ्या वाढल्या. वायर बदलली. माइक बदलला. तेच. चौकात बायका जमायला लागल्या होत्या, चणियाचोळ्यांची सळसळ, आणि प्रत्येक येणारी काय झालं म्हणून विचारत होती, "शुं थयुं?" तेवढ्यात सेक्रेटरीभाई आले. रिफायनरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठलंही यंत्र बिघडलं की त्यांना आतून बरं वाटतं.

"बा," ते मला म्हणाले, "राहू द्या आता. पेनड्राइव्हचा घसा बसत नाही."

"पेनड्राइव्हला म्हाताऱ्या दमलेल्याही दिसत नाहीत," मी म्हटलं. "गाणारी चाल धीमी करते."

ते हसले, पण खिशात हात घालून तिथेच उभे राहिले. सून माइकपासून दूर जाऊन ओढणीचं टोक पिळत बसली. आरतीचं ताट आलं.

मी त्या कॉम्प्रेसरकडे बघत होते, मनात शिव्या मोजत. आणि लक्षात आलं की त्याचे दिवे लागतच नाहीयेत. दुकानदाराने दाखवलं होतं, हा आवाज दाबतो तेव्हा लाल दिवे लागतात. एकही लागलेला नाही. म्हणजे हा बिचारा काही दाबतच नव्हता. मग आवाज जातो कुठे?

माइकची वायर मी उपटली आणि सरळ मिक्सरमध्ये खोचली. "बोल गं," म्हटलं. तिने दबकत "हॅलो" केलं आणि चौकातली कुत्री उठून बसली.

तेव्हा कळलं. माइकचा आवाज मुळात नखाएवढा असतो. त्याला आधी उचलावं लागतं, आणि ते काम मिक्सरचं. कॉम्प्रेसरला उचललेला आवाज हवा. मी तान्ह्या पोराला पाळण्यातून काढून थेट शिस्त लावायला पाठवलं होतं. आवाज दाबणारं कुणी नव्हतंच. उचलणारं कुणी नव्हतं.

पण मग कॉम्प्रेसर जोडायचा कुठे? मिक्सरच्या मागे, माइक खोचला होता त्याच रांगेत, आणखी एक भोक होतं. कॉम्प्रेसरच्या खोक्यात तळाशी एक वायर निघाली, एका बाजूला एक पिन, दुसऱ्या बाजूला दोन. एका शेपटीने आवाज जायचा, दुसरीने परत यायचा, असणार. एकटी पिन मिक्सरच्या भोकात, दोन कॉम्प्रेसरमध्ये, अशी मी ती खोचली. ठार शांतता. पुऱ्यासुद्धा नाहीत.

सेक्रेटरीभाईंचा हात खिशातून बाहेर आला, पेनड्राइव्हसकट.

"मम्मी," सून माझ्या कानाशी आली, "शेपट्या उलट्या लागल्या असतील. जाणारी आणि येणारी." आणि माझी वाट न बघता तिने स्वतःच वाकून दोन्ही पिना उपटल्या, अदलाबदल केली. उभी राहिली. घसा साफ केला, तो अख्ख्या चौकाला ऐकू गेला.

आरती झाली. माताजीला फुलं वाहिली. बायकांनी गोल धरला आणि सुनेने गरब्याची पहिली ओळ टाकली. आवाज स्वच्छ होता, थोडा थरथरत होता. आता गरब्याची रीत अशी, की गाणारीने ओळ टाकायची आणि गोलातल्या बायकांनी ती झेलायची, तीच परत म्हणायची. पण पेनड्राइव्हवर दोन्ही बाजू आतच असतात. इतकी वर्षं कुणी काही झेललंच नव्हतं. ओळ संपली आणि टाळ्या नुसत्या पडत राहिल्या. सुनेने माझ्याकडे बघितलं. मी मिक्सरकडे बघितलं, जणू त्यात बायकांचंही बटण असेल.

तिने तीच ओळ पुन्हा टाकली, आणि माइक सोडून हातानेच गोलाला खूण केली, घ्या. आधी दोन म्हाताऱ्यांनी घेतली, बेसूर. मग पलीकडून चारजणींनी. मग गोल फिरत तिच्यासमोर आला तेव्हा सगळ्यांनी.

पुढची ओळ तिने वर नेली. लाल दिवा लागला, विझला, परत लागला. स्पीकर फाटला नाही. मी उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला, कुठलंही बटण फिरवू नये म्हणून.