घ्या म्हणजे नेमकं कसं घ्या

मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे लोकांच्या बोलण्यातल्या चुका काढायची मला वाईट खोड आहे. त्याच मला एका साध्या क्रियापदानं तोंडघशी पाडलं, तेही चांगले सात महिने.

दमा चाळिशीनंतर जडला. नंदुरबारात आमच्या घरामागेच मिरची वाळवायच्या पथाऱ्या आहेत. हंगामात अख्खी गल्ली खोकते, म्हणून आधी मी सगळा दोष मिरचीवर ढकलला. दम लागला की ओढायला डॉक्टरांनी निळा पंप दिला. तो रोजच लागायला लागला तेव्हा ते म्हणाले, "आता एक पायरी चढू," आणि कॅप्सूल लिहून दिल्या. "सकाळ-संध्याकाळ एकेक घ्या. दम लागो न लागो, चुकवू नका."

मी एकही चुकवली नाही. गुण मात्र येईना. डॉक्टरांनी औषध वाढवलं, मग त्यात दुसरं जोडलं. पायरी वर जायची आणि माझा आवाज खाली. वर्गात कवितेच्या दोन ओळी म्हटल्या की खुर्ची धरावी लागे. मुलं माझी कीव येऊन शांत बसायची, त्याचा मला फार राग यायचा. ओरडावं तर तेवढा श्वास नाही. नोकरीची पंधरा वर्षं बाकी होती. बिनआवाजाच्या मास्तरानं ती काढायची कशी, या विचारानं मी खचून गेलो होतो.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "पुढच्या पायरीला स्टेरॉइडच्या गोळ्या येतील. त्याआधी सिस्टरना एकदा औषध घेऊन दाखवा."

सिस्टर नवापूरकडच्या, बोलायला मऊ. त्यांनी माझ्या हातावर कॅप्सूल ठेवली.

"पाणी द्या ना थोडं," मी म्हणालो.

"पाणी कशाला, सर?"

"गिळायला."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. कॅप्सूलबरोबरचं प्लास्टिकचं यंत्र कुठे आहे, एवढंच त्यांनी विचारलं. ते मी पंपाचा सुटा भाग समजून कपाटात ठेवलं होतं. औषधाच्या दुकानात कुणी सांगितलं असेलही, पण मी ऐकून घेणाऱ्यांतला नाही. कॅप्सूल त्या यंत्रात घालून फोडायची, आतली पूड तोंडानं जोरात ओढायची, जमेल तेवढा श्वास धरायचा, मग चूळ भरायची. मी मात्र सात महिने छातीचं औषध पोटाला खाऊ घालत होतो. आपण हसे लोकांना, शेंबूड आपल्या नाकाला! शरमेनं कान तापले, पण खरं सांगतो, त्याहून जास्त हायसं वाटलं. आजार हट्टी नव्हता, मीच हट्टी होतो.

गोळ्यांची पायरी आलीच नाही. महिन्याभरात शाळेचा जिना न थांबता चढू लागलो. पुढे तीनेक महिने तब्येत चांगली राहिली तेव्हा डॉक्टरांनी औषध एका पायरीनं कमी केलं. "हळूहळू उतरू. आपल्या मनानं बंद करायचं नाही," असं बजावलं.

त्याच संध्याकाळी घरी आलो, तर बायकोनं माझ्या तपासायच्या वह्यांवर तेलाची बरणी ठेवलेली. बायको गच्चीवर होती. मी अंगणात येऊन असा ओरडलो की शेजारी बाहेर आले. ती धावत खाली आली. आता भांडण होणार म्हणून मी तयारीतच होतो. तिनं बरणीकडे पाहिलंही नाही. डोळ्यांना पदर लावून आपल्या अहिराणीत म्हणाली,

"कितला दिनमा वरडनात तुम्ही! परत एकदाव वरडा बरं."