नील बेटावरची ओहोटी

वसईच्या खाडीकाठी काळूरामच्या गावात घड्याळं घरोघरी होती, पण पाण्याची वेळ विचारायला लोक यायचे ते काळूरामकडेच. खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाची झडप कधी उघडायची, होडी कधी काढायची, खेकडे-चिंबोऱ्या धरायला चिखलात कधी उतरायचं, हे तो बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून सांगायचा. आज तिथी कोणती, एवढं कळलं की झालं. बापाने शिकवलेलं हे गणित कधी चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं, आणि म्हणून काळूरामचं नाक जरा वरच असायचं. निम्मी शेती गेली, मुलगा भूपेश नोकरीला लागला, काळूरामचं घरात फारसं चालेनासं झालं. भरती-ओहोटीचा शब्द तेवढा अजून त्याचाच होता.

भागूबाई, त्याची बायको, खाडीपलीकडच्या गावची. लग्न होऊन आली तेव्हापासून माहेरी जायचं म्हटलं की नवरा पेरं मोजायचा. तो थांब म्हणाला की ती थांबायची, चल म्हणाला की पदर खोचून होडीत बसायची. पाणी त्याने सांगितलं तसंच वागायचं, मग ती तरी शंका कशाला घेईल?

गेल्या वर्षी तिला काचबिंदू निघाला, तोही उशिरा. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी घरात कोणाला जेवण गेलं नाही. शेवटी सून निधीने धीर करून विचारलं, "आई, काय बघायचंय तुम्हाला? मनातलं सांगा."

काशी म्हणेल, नाहीतर तिरुपती, असं सगळ्यांना वाटलं. भागूबाई म्हणाली, "जिवंत पोवलं."

तिच्या आईच्या गळ्यात पोवळ्यांची माळ होती. ते लाल मणी समुद्रात जिवंत असतात, वाढतात, हे तिने निधीच्या मोबाईलवर एकदा पाहिलं होतं आणि तेव्हापासून ते तिच्या मनात घर करून होतं. कधी बोलली मात्र नव्हती. भूपेशने अंदमानची तिकिटं काढली. त्याला रजा नव्हती, म्हणून सोबतीला काळूरामचा लहानपणापासूनचा दोस्त सिप्रियन आणि त्याची बायको आग्नेस निघाली.

चौघांनी मजा केली, नाही असं नाही. रॉस बेटावर हरणं थेट भागूबाईच्या ओंजळीतलं खायला आली, तेव्हा ती पोरीसारखी हसली. हॅवलॉकच्या पांढऱ्या वाळूत आग्नेस आणि ती चपला हातात घेऊन लांबवर चालल्या. काळूराम मात्र जाईल तिथे नाक मुरडायचा. "एवढं काय त्यात? आपला अर्नाळा काय वाईट हाय?"

"मग अर्नाळ्यालाच उतरायचं होतं," सिप्रियन म्हणायचा. "विमानात खिडकी कशाला मागितली?"

नील बेट शेवटी ठेवलं होतं. तिथे समुद्रात खडकाची एक मोठी कमान आहे. ओहोटीला तिच्याभोवतीचे खडक उघडे पडतात आणि त्यांच्यामधल्या डबक्यांत पोवळी, मासे, काय काय घोट्याएवढ्या पाण्यात बघायला मिळतं. एरवी तिथे जाता येत नाही. गाडीवाल्याने आदल्या संध्याकाळीच बजावलं, "सुबह एकदम जल्दी निकलना है. बाद में पानी भर जाता है."

काळूरामने पंचमी धरून पेरं मोजली आणि मान हलवली. "खोटं बोलतो. ओहटी नऊ-साडेनऊला. त्याला पुढचं भाडं असंल, म्हनून घाई."

"अरे, तो इथलाच माणूस आहे," सिप्रियन म्हणाला.

"चंद्र तोच ना? तिथी तीच ना? मग पानी येगलं कसं होईल? मला नको शिकवू."

पहाटे सिप्रियन आणि आग्नेस तयार होऊन दारात आले. भागूबाईही उठून, वेणी घालून, साडी वर खोचून बसली होती. आग्नेसने तिचा हात धरला. "चल ना गं. चुकून लवकर पोचलो तर बसू तिथे. काय बिघडतंय?"

भागूबाईने नवऱ्याकडे पाहिलं.

"थांब," काळूराम म्हणाला. "आता गेली तर नुसतं पानी दिसंल. अंधुक उजेडात पाय घसरंल तुजा. चहा घे, आपून आरामात जाव."

यात काळजी होती, हे खरं. पण त्याहून जास्त ऐट होती. चारचौघांसमोर आपलं गणित गाडीवाल्यापेक्षा खरं ठरावं, एवढीच त्याची हौस. भागूबाई पुन्हा खुर्चीवर बसली आणि तिने वर खोचलेल्या निऱ्या खाली सोडल्या.

नवाच्या सुमाराला दोघं रिक्षाने गेली. झाडीतून खाली उतरताना काळूराम पुढे होता. पाणी त्याला आधी दिसलं. कमानीच्या पायथ्याशी लाटा आपटत होत्या आणि खडकांचा मागमूस नव्हता. शहाळी विकणाऱ्या बाईने त्यांच्याकडे बघून मान हलवली. "अब नहीं होगा दादा. छह बजे आना था."

काळूरामने पुन्हा पेरं मोजली. मग आणखी एकदा. भागूबाई त्याचा हात धरून उभी होती आणि डोळे बारीक करून समोर बघत होती. "दिसंल का?" तिने विचारलं. "कुठं हाय?"

आयुष्यात पहिल्यांदा समुद्राने काळूरामच्या तोंडात मारली होती, आणि ती लागली होती तिला. संध्याकाळची ओहोटी अंधारात पडणार होती. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी परतीची बोट होती, तिच्यापुढे विमान होतं. रात्री भूपेशने फोनवर समजावलं, "बाबा, तो समुद्र वेगळा, तिथली वेळ वेगळी. गाडीवाल्याला माहीत असणारच ना."

आग्नेस मात्र भागूबाईजवळ बसून पहाटे पाहिलेलं तास-दीड तास सांगत राहिली. निळा तारामासा, बोटाने शिवलं की मिटणारा जांभळा शिंपला, फांद्या फुटलेलं पोवळं. "निला म्हंजे कसा? मोरासारखा का आबाळासारखा?" भागूबाई खोदून खोदून विचारायची. काळूराम तोंड फिरवून पडून होता. त्याला झोप आली नाही.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिची नजर बरीच गेली. माणूस आवाजावरून ओळखायला लागली. श्रावणात शेजारी पूजा होती. काळूराम तिला हाताला धरून घेऊन गेला आणि बाहेर ओटीवर पुरुषांत बसला. आत बायकांनी तिला अंदमानचं विचारलं.

"बगितलं तर!" भागूबाईचा आवाज बाहेरपर्यंत आला. "निला तारामासा, मोराच्या मानंसारखा. पोवलं तर असं फांद्या फुटल्यालं, हात लावावा वाटंल. आमच्या ह्यांनी बरोब्बर ओहटी काडली. त्यांचं कवा चुकतंय का?"

ओटीवरचे पुरुष कौतुकाने काळूरामकडे बघून हसले. त्याला तिथे बसवेना. सगळ्यांसमोर तिने चार शिव्या घातल्या असत्या तर ते सोसलं असतं, असं त्याला वाटलं.

घरी येताना वाटेत पाणी साचलं होतं. तिला हाताने आधार देत तो म्हणाला, "खोटं कशाला सांगितलंस?"

"मग काय सांगू?"

"माजं चुकलं म्हनून सांगायचं. भागू, तुला राग नाय आला माजा?"

ती थांबली. पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते तिला दिसत नव्हतं, म्हणून तिने त्याचा हात सोडला नाही.

"आला ना. अजून हाय," ती म्हणाली. "पन तो घरातला हाय. लोकांना कशाला दावू?"

काळूरामने तिचा हात घट्ट धरला. साचलेल्या पाण्याच्या कडेकडेने त्याने तिला घरी नेलं.