बाराशे किलो घेऊन सोल्वेच्या किनाऱ्यावर

मँचेस्टरहून कॅरव्हॅन (गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर) घेऊन निघालो, तेव्हा शिरीष डावीकडच्या सीटवर होता आणि मी उजवीकडे, स्टिअरिंगसमोर. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण लांबच्या प्रवासात जागांची अशी अदलाबदल पहिल्यांदाच होत होती.

आदल्या ऑक्टोबरात शिरीषला ऑफिसात फिट आली. तपासण्यांत काही निघालं नाही, तरी इथल्या नियमाप्रमाणे वर्षभर गाडी चालवायला मनाई झाली. लायसन्स त्यानं स्वतःच पाकिटात घालून पोस्टानं परत पाठवलं. कॅरव्हॅन आम्ही त्याच्या जेमतेम महिनाभर आधी घेतली होती, जुनी, दोघांपुरती. हिवाळाभर ती दारात ताडपत्रीखाली उभी होती. २००६चा मे उजाडला तशी मी म्हटलं, "मी ओढते."

"तू नुसती गाडी रिव्हर्स घ्यायला घाबरतेस."

"शिकेन."

संध्याकाळी तो वही घेऊन बसला. "आपल्या गाडीचं रिकामं वजन चौदाशे पन्नास किलो. नवख्यानं त्याच्या पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंतच ओढावं, म्हणजे साधारण बाराशे तीस. कॅरव्हॅनची मर्यादा बाराशे. जमतंय."

"मग झालं तर."

"भरून बाराशे, मेधा. डाळ-तांदूळ, गॅस, भांडी, सगळं धरून."

म्हणून निघायच्या आठवडाभर आधीच सगळं सामान भरून शहराबाहेरच्या दगडखाणीतल्या वजनकाट्यावर गेलो. दोन ट्रकांच्या मध्ये आमचं पांढरं घर फारच लहान दिसत होतं. काट्यावरच्या बाई साठीच्या असतील. त्यांनी खिडकीतून कागद दिला. "चौसष्ट किलो जास्त आहे, लव्ह." (इथल्या बायका अनोळखी माणसालाही अशी हाक मारतात.) "कोण चालवणार?"

"मी. पहिल्यांदाच."

"मग जड सामान चाकांच्या वर, आतल्या जमिनीलगत ठेव. मागच्या टोकाला काही नको. ते टोक जड झालं की कॅरव्हॅन डुलायला लागते, आणि मग आवरत नाही."

घरी येऊन पाण्यानं भरलेला कॅन रिकामा केला. दुसरा सिलिंडर उतरवला, मिक्सर उतरवला. शिरीषनं आपली पुस्तकं उतरवली, एकच ठेवलं. मग बाथरूममधला वजनकाटा आणि लाकडी दांडा घेऊन तो अंगणात बसला. कॅरव्हॅनच्या पुढच्या टोकाचा भार गाडीच्या हुकावर किती पडतो, ते त्यानं तीनदा मोजलं. कित्येक महिन्यांत मी त्याला इतकं गुंतलेलं पाहिलं नव्हतं.

पहिला मुक्काम केंडलजवळ. मोटरवेवर मी ताशी पन्नास मैलांच्या वर गेले नाही, आणि ट्रकवाले शांतपणे पुढे निघून गेले. तो वाटभर गप्प होता. रात्रभर पाऊस लागला. सकाळी ऑनिंग (कॅरव्हॅनच्या दाराला जोडायचा तंबू) पाण्यानं निथळत होतं. निघायची घाई होती. मी ते कसंबसं गुंडाळलं आणि हाताशी होतं म्हणून मागच्या बाकाखाली कोंबलं.

शॅपचा चढ सावकाश चढलो. दोन्ही बाजूंना ओल्या टेकड्या, त्यांवर मेंढ्या. उतार लागला, वेग आपोआप वाढला, आणि शेजारून एक उंच ट्रक पुढे गेला. त्याच्या वाऱ्यानं कॅरव्हॅन आधी त्याच्याकडे ओढली गेली, मग दुसरीकडे फेकली गेली. आरशात ती एकदा डावीकडे दिसली, एकदा उजवीकडे. प्रत्येक हेलकाव्याला गाडीचा मागचा भाग तिच्याबरोबर सरकत होता. माझा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको," शिरीष म्हणाला. आवाज अगदी खालचा. "ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ. स्टिअरिंग सरळ धर. काही करू नकोस, फक्त धर."

मी धरलं. त्याचे दोन्ही हात त्याच्या गुडघ्यांवर होते, नखं पांढरी पडलेली, पण स्टिअरिंगकडे एकदाही हात आला नाही. झोके लहान होत गेले आणि थांबले.

पुढच्या ले-बायमध्ये (रस्त्याकडेची थांबायची जागा) मी इंजिन बंद केलं आणि रडले. त्यानं थर्मासमधला चहा ओतून दिला.

"ऑनिंग," मी म्हटलं. "ओलं, आणि तेही मागे. बाईंनी सांगितलं होतं."

"तू मागे टाकताना मी पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं. "स्वतःला चालवता येत नाही म्हणून नुसत्या सूचना करतो, असं तुला वाटेल. म्हणून ऑक्टोबरपासून गप्पच बसतोय."

"आज तू बोललास म्हणून आपण दोघं आहोत," मी म्हटलं. "मला तू बोलायला हवा आहेस."

दोघांनी मिळून ऑनिंग ओढून काढलं आणि चाकांच्या वर, कॅरव्हॅनच्या मधल्या जमिनीवर पसरलं. मग निघालो.

सोल्वेच्या किनाऱ्यावर चार दिवस राहिलो. तिथं ओहोटीला समुद्र मैलभर मागे जातो आणि चिखल आरशासारखा लखलखतो. मी थालीपीठं लावायचे, तो दारात बसून पक्षी बघायचा. शेजारच्या स्कॉटिश आजोबांनी थालीपीठ लोण्याबरोबर खाल्लं आणि याला काय म्हणतात ते दोनदा विचारून घेतलं. दुपारी शिरीष मोकळ्या कुरणात उभा राहून मला रिव्हर्स शिकवायचा. परतीच्या वाटेवर तर तो लेन, आरसे, वारा यांवर इतकं बोलला, की प्रेस्टनच्या पुढे मी म्हटलं, "आता दहा मिनिटं गप्प बस." तो हसला, आणि पाच मिनिटांत पुन्हा सुरू झाला.

घरी पोचल्यावर त्यानं नाशिकला फोन लावला. फिटबद्दल सात महिने आम्ही त्याच्या आईवडिलांना काहीच कळवलं नव्हतं. इतक्या लांबून त्यांनी काळजीच केली असती. मी स्वयंपाकघरात भांडी उतरवत होते. बाबांनी पलीकडून विचारलं असावं, एवढं मोठं धूड घेऊन गाडी चालवताना दमलास का.

"मी नाही चालवली, बाबा," शिरीष म्हणाला. "मेधानं चालवली, जाताना आणि येतानाही. मला सध्या मनाई आहे. सांगतो, पण आधी आईलाही फोनजवळ बोलवा."

मी हातातली भांडी ठेवली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.